चौदावं घर

चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यामागचा दिवा त्या दिवशी गेला नसता, तर ती दोघं एकाच शहरात राहून जन्मभर एकमेकांना भेटली नसती. ती त्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. वर एक ठळक अक्षर आणि खाली बारीक होत गेलेल्या ओळी असलेला तो तक्ता अंधारात गेला, तसा मालकांनी वायरमन बोलावला. तो आला तेव्हा बाहेर भुरभुर पाऊस होता. खांद्यावर हत्यारांची पिशवी, कानावर पेन्सिल आणि पापण्यांवर पाण्याचे दोन-चार थेंब.

पाच मिनिटांत दिवा लागला.

"नीट दिसतंय का बघा," तो म्हणाला.

"मला पाठ आहे ते. तुम्हीच वाचा की. शेवटची ओळ."

त्यानं वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी चुकीची! ती काळजीत पडली. तिनं त्याला खुर्चीवर बसवलं, एकामागून एक भिंगं बदलून पाहिली. पाचव्या भिंगाला तिच्या ध्यानात आलं, की ह्या माणसाचे डोळे ठणठणीत आहेत आणि ते तक्त्याकडे वळलेलेच नाहीत.

"तक्ता तिकडे आहे," ती म्हणाली.

"हो ना... पण इकडचं जास्त स्पष्ट दिसतंय."

ती रागावली. म्हणजे रागवायचा तिनं प्रामाणिक प्रयत्न केला. त्या दिवसापासून तो तिला 'डॉक्टर' म्हणू लागला आणि ती त्याला 'वायरमन'. वर्षभरात लग्न ठरलं, तारीख निघाली. राहिलं होतं ते फक्त घर.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्नाआधी भाड्याचं घर पाहावं शोधून, हे सांगायचं म्हण करणारा विसरला असावा! पाच महिने दर रविवारी ती दोघं एजंटाच्या मागून जिने चढली. प्रत्येक घराला तो एजंट 'हवेशीर' म्हणायचा, म्हणून दोघांनी त्याचं नावच हवेशीर ठेवलं होतं. खिडकी नसलेली खोलीही हवेशीर, आणि दार उघडलं की पंख्याला अडकायचं ती तर फारच हवेशीर.

काय रविवार होते ते! पुढे आयुष्यात त्यांनी पुष्कळ काही मिळवलं, पण एका छत्रीत दोघांनी भिजत, बसथांब्यावर एका कपातला चहा आळीपाळीनं पीत, न घेतलेल्या घरांना नावं ठेवत फिरायची ती मजा पुन्हा कधी आली नाही. नावं ठेवण्यात तो पटाईत. कुठल्याही घरात शिरला, की आधी भिंतीवरच्या वायरी बघायचा आणि कपाळावर आठी घालून म्हणायचा, "कोणी केलंय हे काम?" जगातल्या कुठल्याच वायरमनला आधीच्या वायरमनचं काम आवडत नाही, हे तिला तेव्हाच कळलं.

आणि नकार देण्यात ती पटाईत. एजंटनं "कसं वाटलं?" म्हणायचा अवकाश, तिचं "नको" तयार असायचं. एका घराचं स्वयंपाकघर अंधारं, एकाचा जिना उभा, एकाची बाल्कनी रस्त्याच्या चुकीच्या बाजूला. चुकीची बाजू कुठली, ते मात्र तिला सांगता यायचं नाही.

"तू म्हणशील तसं," तो म्हणायचा.

"तुमचं घर बघणं चाललंय की राजवाडा?" असं त्याच्या आत्यानं एकदा विचारलंसुद्धा. लग्नाला तीन आठवडे उरले होते.

अशात एका रविवारी हवेशीरनं चौदाव्या घराचा पत्ता सांगितला, आणि तिनं तो पुन्हा सांगायला लावला.

ते तिचंच घर होतं. म्हणजे, होतं एके काळी. वयाच्या अकराव्या वर्षापर्यंत ती त्याच घरात वाढली होती. मग तिचे बाबा अचानक गेले. ते शहराच्या बसवर ड्रायव्हर होते. सकाळी कामावर गेले ते परत आलेच नाहीत. महिन्याभरात आईनं बिऱ्हाड आवरलं आणि तिला नि दादाला घेऊन मामाच्या गावी गेली. आता शिकून-सवरून ती ह्या शहरात परत आली होती, पण त्या गल्लीत पाऊल टाकायचा धीर तिला कधी झाला नव्हता. तेरा घरं का नाकारली, हे तिचं तिलाच आत्ता समजत होतं. हे घर तिला हवं होतं. हवंच होतं.

पण त्याला तिनं सांगितलं नाही. सांगितलं तर तो दयेपोटी हो म्हणेल. त्याला ते आपणहून आवडावं, असं तिच्या मनात होतं.

"आज गप्प का, डॉक्टर?" जिन्यात त्यानं विचारलं.

"कुठे? काही नाही..."

"पाच वाजता दुसरे लोक बघायला येतायत," हवेशीरनं कुलूप उघडत बजावलं. "ते तर आजच पैसे देतो म्हणतात. तासाभरात काय ते सांगा. घर बाकी एकदम—"

"हवेशीर," दोघं एका सुरात म्हणाली.

एजंट फोनवर बोलत बाल्कनीत गेला. पुढची खोली रिकामी होती. भिंतींचा रंग बदलला होता. पण खिडकीतून येणारं ऊन फरशीवर तिथंच पडलं होतं, जिथं ती पालथी पडून गृहपाठ करायची. ती पटकन आतल्या खोलीकडे वळली. तिथं खिडकी नव्हती, भर दुपारीही काळोख असायचा. दारातच तिनं किंचित वाकून हात खाली नेला, न बघता, आणि दिवा लावला.

तो मागेच होता. आधी दिव्याकडे बघितलं त्यानं, मग तिच्या हाताकडे, मग गुडघ्याच्या जरा वर बसवलेल्या त्या बटणाकडे. आणि त्याच्यातला वायरमन जागा झाला.

"अरे देवा! हे बघ... इतक्या खाली बटण? आणि ही वायर बघ, कशी नागमोडी आणलीये. चार खिळे, चार दिशांना! कोणी केलंय हे काम? असल्या माणसाच्या हातात पक्कड दिली कुणी?"

"माझ्या आईनं," ती म्हणाली.

तो हसणार होता, पण तिच्या चेहऱ्याकडे पाहून थांबला.

"मला अंधाराची भीती वाटायची," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "पाच वर्षांची होते मी. वरच्या बटणापर्यंत हात पोचायचा नाही. मग एका रविवारी बाबांनी... त्यांना ह्यातलं काही येत नव्हतं रे. शेजाऱ्यांकडून हातोडी आणली. दोन वेळा फ्यूज उडाला. आई पक्कड हातात देत होती नि ओरडत होती, 'अहो, मराल!' आणि संध्याकाळी त्यांनी मला म्हटलं, लाव. मी लावला दिवा. त्या रात्री मी तो चाळीस वेळा तरी लावला असेल."

तो उकिडवा बसला, बटण एकदा बंद केलं, एकदा चालू केलं. खिळ्यांवरून बोट फिरवलं.

"काम वाईट आहे," तो हळूच म्हणाला. "माणूस फार चांगला असणार."

आता मात्र तिला रडू आवरलं नाही. त्यानं रुमाल दिला. रुमालाला चिकटपट्टीचा वास येत होता.

"वेडी आहेस. आधी का नाही सांगितलंस?"

"तू कीव करून हो म्हणाला असतास."

"कीव कसली? तुझं घर आहे हे. घेऊन टाकू."

"खरंच?"

"अगदी खरं."

मग काय विचारता! अकरा वर्षांची मुलगी जशी पाहुण्याला घर दाखवेल, तसं तिनं त्याचा हात धरून त्याला खोल्याखोल्यांतून फिरवलं. इथं आईचं शिवणयंत्र होतं. इथं दादाचं टेबल, त्याला हात लावला की तो चावायचा. ह्या खुंटीला बाबांचा खाकी शर्ट. आपणही इथंच टेबल ठेवू, इथंच कपाट. ती बोलत होती आणि तो हसून मान डोलवत होता.

"बरं, ही कुठे ठेवू?" खांद्यावरची पिशवी दाखवून त्यानं विचारलं. "हत्यारांना एक कोपरा लागेल बुवा. ह्या दारामागे?"

"तिथं नको. तिथं बाबांचा डबा नि छत्री असायची."

"मग खिडकीखाली?"

"अं... तिथं आई दुपारी आडवी व्हायची."

"इथं?"

"तिथं दादा..."

"राहू दे," तो हसला. "मी पिशवी घेऊन उभाच राहीन. सवय आहे."

तीही हसली. हसता हसता तिचं लक्ष गेलं. घर रिकामं, फरशी धुळीनं भरलेली, तरी त्यानं चपला बाहेर काढल्या होत्या. पिशवी खांद्यावर तशीच, दोन्ही पाय जुळवलेले, भिंतीला धक्का लागू नये म्हणून जरा अंग चोरून तो उभा होता. आपल्या घरात कुणी असं उभं राहत नाही. दुसऱ्यांच्या घरी, यजमान 'बसा' म्हणेपर्यंत, पाहुणे असे उभे राहतात. आणि हा माणूस इथं जन्मभर असाच उभा राहील, एका शब्दानं तक्रार करणार नाही, हे तिला लख्ख दिसलं.

हवेशीर बाल्कनीतून आत आला. "काय मंडळी, पक्कं करायचं?"

"पक्कं," तो म्हणाला.

"नको," ती म्हणाली.

एजंटनं कपाळावर हात मारला. ती जिना उतरू लागली. तो तिच्या मागे धावला आणि मधल्या पायरीवर त्यानं तिला गाठलं.

"अगं काय झालं? माझ्या बोलण्याचा राग आला? मी गंमत केली पिशवीची..."

"नाही रे." ती पायरीवरच बसली. तोही शेजारी बसला. वर कुणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. "मला हे घर हवंसं वाटत होतं. खरं तर घर नको होतं मला. बाबा हवे होते. वाटलं, आत गेलं की भेटतील."

त्यानं तिचा हात हातात घेतला. "मला ते नाही जमणार, डॉक्टर. दुसरं काहीही सांग."

"माहितीये. म्हणून तर नको म्हटलं. तिथं प्रत्येक कोपऱ्यात आमचंच कुणीतरी बसलंय. तुला बसायला जागाच नाही... आणि तू नसशील तिथं मला राहायचं नाही. कळलं? मला तू हवायस."

लग्न ठरून सात महिने झाले होते, पण हे वाक्य तिच्या तोंडून त्यानं पहिल्यांदाच ऐकलं. त्याचे कान लाल झाले.

"परत म्हण."

"एकदाच मिळतं ते."

"शेवटची ओळ नीट ऐकू आली नाही..."

"वायरमन!" ती डोळे पुसत हसली.

हवेशीर रडकुंडीला आला होता. त्याच्याकडे त्या दिवशीचं आणखी एकच घर उरलं होतं, दोन गल्ल्या सोडून, धोब्याच्या दुकानावर. दाखवायचं म्हणून त्यानं दाखवलं. दोन खोल्या. इस्त्रीच्या गरम कपड्यांचा वास वरपर्यंत येत होता. बाथरूम समजून तिनं दार उघडलं, तर ते कपाट निघालं. कपाट समजून त्यानं उघडलं, तर बाल्कनी. बाल्कनीत दोघं मावतील न मावतील. भिंतींवर कुणाच्याच खुणा नव्हत्या. त्या घरानं तिला ओळखलं नाही, आणि त्याचं तिला मनापासून बरं वाटलं.

"कसं वाटलं?" एजंटनं सवयीनं तिला विचारलं, आणि तिच्या 'नको'ची वाट पाहू लागला.

ती वायरमनकडे वळली.

"तुला कसं वाटलं?"

तो गोंधळला. त्यानं मागे वळून पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाला विचारलंय. मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला, की तिला लाज वाटली. पाच महिने, चौदा घरं... आणि हा प्रश्न तिनं त्याला एकदाही विचारला नव्हता.

"मला ना," तो अडखळत म्हणाला, "इथं राहावंसं वाटतंय. तुझ्याबरोबर."