सायीतलं बोट

फ्रिजमधल्या दुधावर जाड, पिवळसर साय धरली होती. पण कडेपासून मध्यापर्यंत बोटभर रुंदीचा पट्टा उघडा होता. पट्ट्याच्या दोन्ही कडा आत मुडपलेल्या... बोट फिरवल्यावर मुडपतात तशा.

हे माझ्याच घरी घडलं. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, दिसलं तेवढंच लिहिते आहे. तेव्हापासून मी चहा कोराच पिते.

हिवाळ्याच्या सुट्टीत कॉलेजातून घरी आले होते. उशिरा उठायचं, आयतं खायचं, उन्हात केस वाळवत बसायचं. एवढाच दिनक्रम.

आणि एक काम होतं. बाबा उन्हाळ्यात गेले. आई एकटी राहायची, मधूनच चक्कर येऊन पडायची. परत जाताना तिला सोबत न्यायचं होतं. विषय काढला की म्हणायची, "बघू गं."

"आई, सायीत बोट घातलंस?"

"मी कशाला घालू? मला साय कधी आवडली?" मग ती हळूच हसली. "ते खातात. रोज."

माझ्या अंगावर काटा आला.

कारखान्यातल्या मशीनमध्ये बाबांच्या उजव्या हाताची पाचही बोटं अर्ध्यातून तुटली होती. त्याच थोट्या बोटाने ते साय काढायचे. आई ओरडली की म्हणायचे, "देवाने हातालाच चमचा लावलाय. घासायची कटकट नाही."

"त्यांना असं टाकून कशी येऊ मी?" आई म्हणाली.

मी पातेल्याजवळ नाक नेलं.

वास दुधाचा नव्हता... बरेच दिवस न बदललेल्या, ओल्या बँडेजचा होता.

आणि हेच दूध मी रोज सकाळी पेलाभर पीत होते.

ते दूध ओतून दिलं. संध्याकाळी नवं दूध तापवलं. निवल्यावर, प्रयोगशाळेत प्लेट बंद करतो तशी झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळली. पट्टीवरून पातेल्यावर येईल अशी सही केली.

"शास्त्रज्ञ बाई," आई म्हणाली, "बापाला उपाशी ठेवणार का?"

सकाळी पातेलं बाहेर काढलं. पट्टी जागच्या जागी. सही जुळलेली.

झाकण उचललं...

झाकणाबरोबर एक चिकट तार वर आली. लांबली. तुटली नाही.

साय जवळजवळ संपली होती. पातेल्याची आतली कड चाटून गुळगुळीत केल्यासारखी दिसत होती.

"बघ, आज पोटभर खाल्ली," आई कौतुकाने म्हणाली. कडेला उरलेला लपका तिने चमच्याने उचलला आणि मी हात धरायच्या आत तोंडात घातला.

"आई, थुंक ते!"

कर्र...

ती चावता चावता थांबली. तळहातावर थुंकली.

नख होतं.

मुळासकट उपटलेलं. जाड, पिवळं, लांब. मुळाशी पांढरट, मऊ कातडीचा तुकडा.

मी तिची बोटं पाहिली. माझी पाहिली. सगळी नखं जागेवर होती.

आईचा चेहरा उतरत गेला.

"ते उजव्याच हाताने खायचे," ती पुटपुटली. "त्या हाताला नखं कुठे होती?"

बंद फ्रिजच्या आतून आवाज येत होता...

लप्. लप्. लप्.

आईने तो ऐकला. तोंड पुसलं. पुन्हा पुसलं.

"माझे कपडे भर," ती म्हणाली. "मी येते तुझ्याबरोबर."