वेचणारी बोटं

सडक अर्जुनीच्या बाजारात गोवर्धन मोहफुलं, लाख नि डिंक विकत घ्यायचा आणि माणसं फुकटात पारखायचा. कोण मनापासून रडतं नि कोण रीत म्हणून, हे त्याला दारातूनच कळे. उदारामाच्या मायचा ताप उतरेना, हे ऐकून तो दोस्ताच्या गावी आला, तेव्हा ओसरीवर बसलेल्यांची त्यानं लगेच वाटणी करून टाकली: अर्धे पानसुपारीचे, उरलेले बातमीचे. कामाचं कोणीच नव्हतं.

आत खाटेवर शामकलाबाई पडली होती. छातीत घरघर, डोळे अर्धवट उघडे. उदाराम उशाशी बसून तिला चमच्यानं पाणी पाजत होता.

"माय मोहाचंच बरळून राहिली," तो म्हणाला. "नागझिऱ्याच्या वाटेवरचं तिचं झाड गळून राहिलं. मी तिकडं जाऊ का इथं बसू?"

"तू बस. मोह मी वेचतो."

उदाराम किती दिवसांनी हसला. "तू? गादीवरून उतरतानी तुले माणूस लागते!"

"मंग एक माणूस दे उतरवाले."

पण पहाटे तो एकटाच गेला. लग्न होऊन आल्यापासून ते झाड शामकलाबाईच वेचायची. दुसऱ्या कोणाचा हात तिला खपत नसे. पाला जाळून झाडाखालची जमीन साफ केलेली होती. त्या काळ्या जमिनीवर आता पिवळी फुलं पसरलेली दिसायला हवी होती. जमीन काळीच होती. फुलं पळसाच्या पानांवर होती. ओंजळभर ढीग, आणि दर ढिगावर एकेक पान उपडं घातलेलं.

गोवर्धननं टोपली भरली नि घरी आला.

"वहिनी, तुम्ही जाऊन आल्या काय झाडाखाली?"

"मी कायले जाऊ?" उदारामाची बायको रुख्मा म्हणाली. "रातभर मायजवळ बसून राहिली. अन असं पान झाकून मायच ठेवते. आमचं पान तर वाऱ्यानं उडते."

"अस्वल आलं असंल," ओसरीवरून एकजण बोलला.

"अस्वल खाऊन जाते," गोवर्धन म्हणाला. "झाकून ठेवाले तुझ्यासारखं रिकामं नसते."

ओसरी हसली. तो मात्र हसला नाही. वेचायचं नि टाकून जायचं, यात कोणाचा काय फायदा? बिनफायद्याचा चोर त्याला पटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो अंधुक असतानाच जाऊन समोरच्या साजाच्या झाडाखाली बसला. उजाडू लागलं तशी फुलं गळू लागली. टप्. टप्. गोड, आंबूस वास दाटला. त्यानं एका फुलावर नजर रोवली. डोळ्यांसमोरून एक माशी गेली, ती त्यानं हातानं हाकलली, आणि पुन्हा पाहिलं तर तिथं फूल नव्हतं. पलीकडच्या पानावर ढीग वाढला होता. वाळला पाला जराही वाजला नव्हता.

तो घरी आला तेव्हा वैद्य केशोराव खाटेशी उभे होते. शामकलाबाईची बोटं गोधडीवर चालत होती. चिमटीत काही धरावं, बाजूला ठेवावं, पुन्हा धरावं.

"हे लक्षण बरं नाही," केशोराव बाहेर येऊन म्हणाले. "माणूस बिछाना वेचाले लागलं की फार राहत नाही. हात बांधून ठेवा, तेवढीच ताकद वाचंल. अन पोरीबाळींले निरोप द्या."

त्या वर्षी साहेबांच्या लढाईपायी बाजारात कापड मिळत नव्हतं. तरी उदारामानं पेटीतलं कोरं धोतर काढलं, मऊ भागाची पट्टी फाडली आणि मायचे हात खाटेच्या पाटीला बांधले. बांधताना तो लहान पोरासारखा रडला. गोवर्धननं त्या रडण्याची पारख केली नाही.

सकाळी झाडाखालची जमीन पिवळी होती.

सगळीकडे फुलं. एका पानावर अर्धाच ढीग, वर पान नाही. झाडावर एकही पाखरू बोलत नव्हतं.

गोवर्धन टोपली तिथंच टाकून पळाला. आयुष्यात तो गिऱ्हाइकामागंही कधी पळाला नव्हता.

घरात उदाराम उशाशी होता, रुख्मा मायच्या नाकाशी हात धरून बसली होती. श्वास लागतो न लागतो.

"उदा, सोड तिचे हात!"

"वैद्यानं सांगतलं—"

"उदा, सोड म्हणतो ना!"

"तू वैद्य आहेस काय?" उदाराम आडवा आला. "काऊन सोडू? सांग!"

गोवर्धननं दोस्ताला बाजूला ढकललं नि गाठी सोडल्या.

हात तसेच पडून राहिले.

मग एक बोट हललं.

मग चिमूट झाली. हळू हळू बोटं गोधडीवरून फिरू लागली, नि त्यांच्यामागं श्वास चालू लागला. उन्हं चढेपर्यंत कोणी जागचं हललं नाही. मग शामकलाबाईच्या कपाळावर घाम फुटला, ताप उतरला आणि तिनं डोळे उघडून पेज मागितली. उदाराम गोवर्धनच्या गळ्यात पडून हसत सुटला. ओसरीवरच्या बातमीवाल्यांना त्या दिवशी चांगली बातमी न्यावी लागली.

मोह सरता सरता म्हातारी हट्टानं झाडाकडे निघाली. उदाराम शेतात होता, म्हणून गोवर्धननं हात दिला. ती बसून वेचत होती, मधेच कोणाशी तरी हलकं बोलत होती. अशक्त माणूस बोलतंच, असं त्यानं मनाशी म्हटलं. टोपली भरली.

"उचलून दे बाबा."

तो टोपली तिच्या डोक्याकडे नेऊ लागला.

"माझ्या नाही. तिच्या." शामकलाबाईनं शेजारी बोट दाखवलं. "मी पडून होती तर माझी बोटं घेऊन एकटीनं वेचलन बिचारीनं. वाकता येत नाही तिले आता. पोटुशी आहे."

शेजारी कोणी नव्हतं. म्हातारीचं मन राखावं म्हणून गोवर्धननं टोपली डोक्याइतकी वर उचलून नुसत्या हवेत धरली.

खालून कोणीतरी अलगद टोपलीचा भार घेतला.