मिसेस स्ट्राउडच्या टेबलावरची मोकळी खुर्ची

"तुला हे पटायचं नाही, लेका. आजवर कुणालाच पटलेलं नाही," म्हातारा ऑरिन प्रुइट हॉटेलच्या ओसरीवर पाय पसरत म्हणाला. घोड्यांचे साज विकत गावोगाव फिरण्यात त्याचा जन्म गेला होता. ऐकायला बसलेला लेम याच धंद्यात नवखा.

मग ऑरिननं सांगितलं ते असं.

कॅन्ससमधल्या एका गावात हॉटेल एकच, विधवा मिसेस स्ट्राउडचं. रविवारी चर्च सुटलं की निम्मं गाव तिच्या लांबलचक टेबलाशी जेवायला बसे. कोंबडी, बटाटे, रस्सा, सगळी भांडी हातोहात पुढं सरकत. शेजारी किती वाढून घेतो ते बघणं असभ्यपणाचं, म्हणून भांडं देताना मान वळवायची नाही, असा तिथला रिवाज.

एका रविवारी लोहार हॉइट आणि शाळेतल्या व्हेस्टाबाई यांच्यामधली खुर्ची रिकामी राहिली. भांडी मात्र अडली नाहीत. हॉइटनं न बघता हात पुढं केला, भांडं गेलं. जरा वेळानं ते व्हेस्टाबाईंच्या हाती आलं. बटाटे कमी झालेले.

मिसेस स्ट्राउडला आधी हॉइटचाच संशय आला.

"भांडं दिलंत कुणाला?"

"शेजाऱ्याला."

"तिथं कुणी नव्हतं."

"मग घेतलं कुणी, बाई? हात मात्र गार होते बुवा त्याचे."

गावभर कुजबुज झाली. पुढच्या रविवारी निम्म्या खुर्च्या ओस. असंच चाललं असतं तर हॉटेलला कुलूप लागलं असतं, आणि तिला पोटापाण्याचा दुसरा आधार नव्हता. ही चेष्टा कुणाची ते पकडायचंच, म्हणून पुढच्या जेवणाला ती गुपचूप स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसली.

रस्सा आला. तिनं घेतला, पुढं दिला.

व्हेस्टाबाईंनी भांडं खाली ठेवलं आणि गार पडलेली बोटं रुमालाला पुसली.

"मिस्टर हॉइट," मिसेस स्ट्राउड हळूच म्हणाली. त्यानं मान वळवली नाही.

ती मोठ्यानं बोलली.

पलीकडून कुणीतरी म्हणालं, "ती खुर्ची आजही रिकामीच आहे. आणि स्ट्राउडबाई कुठं गेल्या?"

ऑरिन थांबला. "मग काय, उठली आणि टोपेकाला बहिणीकडं निघून गेली. मजेत आहे."

"थापा मारताय, म्हातारबा," लेम म्हणाला. "ती कुणाला दिसलीच नाही, तर तिथं बसलीय हे तुम्हाला कसं कळलं? तुम्ही कुठं बसला होतात?"