उभा कागद, आडवा कागद

"आता हातातला कागद फाडा. सावकाश... वाटेल तसा," मंचावरचा संगीतकार म्हणाला आणि सभागृहातली साठ-सत्तर माणसं एकदम कागद फाडायला लागली. हेच म्हणे संगीत! वाद्य नाही, गाणं नाही; जे वाजवायचं ते प्रेक्षकांनीच.

तिसऱ्या रांगेतली ती मात्र कागद मांडीवर ठेवून बसली होती. वडिलांबरोबर पुस्तकं बांधणारी मुलगी ती. कोरा, जाड कागद फाडणं तिच्या जिवावर आलं होतं. तिला हट्टानं घेऊन आलेली मावशी कोपरानं ढोसत होती. "अगं, फाड की! चारचौघांत शोभा नको."

तेवढ्यात रांगांमधून फिरत तो संगीतकार तिच्यासमोर थांबला. विस्कटलेले केस, डोळ्यांत हसू.

"तुमचा आवाज नाही आला..."

"बाकीच्यांचा तरी कुठे वेगळा येतोय? सगळे आडवाच फाडताहेत."

"कागदाला उभं-आडवं असतं?"

"असतं तर! हे बघा —" तिनं नकळत कागद उभा ओढला. लांब, रेशमी सर्र... मग आडवा. चर्र, खर्र, अडखळत.

आजूबाजूचे सगळे फाडायचे थांबले.

"फाडलास ना शेवटी!" मावशी म्हणाली आणि हशा पिकला. ती लाजून चूर झाली. तो मात्र हसला नाही. नुसता बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या वडिलांच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याच्या दारात हजर. "पंधरा दिवसांनी पुन्हा कार्यक्रम आहे. मला कागद शिकायचाय."

वडिलांनी चष्म्यावरून पाहिलं. "आधी खळ ढवळा."

त्यानं ढवळली, बाह्या, कोपर, एक कान — सगळं चिकट करून घेतलं. मग रोज यायला लागला. खिडकीपाशी दोघं एकेक कागद कानाशी धरून वाकवायची. कधी डोकी जवळ यायची, कधी बोटाला बोट लागायचं... आणि दोघंही कागदाकडेच बघायची. आयुष्यात कधी दुपारी बाहेर न पडलेले वडील हल्ली चार वाजता फिरायला जायला लागले होते.

कार्यक्रम रंगला. अर्ध्या सभागृहानं उभा फाडला, अर्ध्यानं आडवा. शेवटी सगळ्यांनी मिळून पातळ कागद नुसते हलवले, तेव्हा पुढच्या रांगेतल्या आजोबांनी डोळेच मिटून घेतले.

लोक गेले. दोघं कपटे झाडत राहिली.

"संपलं," तो म्हणाला. "आता उद्या कशाच्या निमित्तानं येऊ?"

ती झाडलेलेच कपटे पुन्हा झाडायला लागली.

"मला... म्हणजे मी —" साठ जणांना सहज सांगणारा तो एकीपुढे अडखळत होता. "कागद मला तिसऱ्याच दिवशी कळला होता. पुढचे बारा दिवस मी तुमच्यासाठी आलो."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "माहितीये. चौथ्या दिवसापासून मी तेच तेच शिकवत होते."

त्याच्या हातातला झाडू तसाच राहिला.

"उद्या ये," ती हळूच म्हणाली.

"...या नाही? ये?"

"ये. निमित्त नको."

तो हसला. मग जपून, नवा शब्द जिभेवर तोलत म्हणाला, "तू... वाट बघशील?"

"बघतेच आहे की," ती म्हणाली.