ताईच्या फोल्डरमध्ये

काम अगदी साधं होतं. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. हे काम आधी माझी थोरली बहीण करायची, घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर. ताई गेली आणि आईची वाचाच बसली. मी नोकरी सोडली, ठरत आलेलं लग्न मोडलं आणि आईसाठी घरी येऊन राहिले. तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे, ताईचं रेकॉर्डिंगचं कामही करायचे. पण माझ्याशी ती एक अक्षर बोलली नव्हती.

रेकॉर्डिंगचा प्रोग्राम उघडला की दर वेळी ताईचाच फोल्डर समोर यायचा. माझे धडे चुकून त्यात जायचे. शेवटी एका दुपारी मी प्रोग्रामवर राइट क्लिक केलं, प्रॉपर्टीज उघडली, ‘स्टार्ट इन’च्या चौकटीतला तिच्या फोल्डरचा पत्ता पुसला आणि माझ्या फोल्डरचा टाकला. ओके. प्रोग्राम उघडून पाहिला, तर माझा फोल्डर. हुश्श केलं.

आईला भरवून परत आले, तर पुन्हा ताईचा. चौकटीतला पत्ताही तिचाच. आणि त्या फोल्डरमध्ये एक नवी फाइल होती... आजच्या तारखेची.

हेडफोन लावला. आधी नुसती खरखर. खोलीत कुठूनसा भिजलेल्या राखेचा वास यायला लागला.

“जेवलीस का गं?”

आई! तिचा तो स्वच्छ, मायेचा आवाज ऐकून माझे डोळेच भरून आले. मग दुसरं कुणीतरी हसलं. ताई.

“आई, धाकटी मला इथून हलवायला निघालीये.”

“करू दे काय करायचं ते. तिला कुठे काय कळतंय?”

“पण मला असं फार दिवस राहता यायचं नाही गं... जागा लागेल.”

आज भाजी कुठली करायची ते सांगावं, इतक्या सहज आई म्हणाली,

“तिची घे की. त्यासाठीच तर थांबवून घेतलंय तिला.”

मी आईच्या खोलीत गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

“आई... मी सगळं सोडून तुझ्यासाठी आले गं.”

ती वळली. हसली. दोन्ही हातांत माझा चेहरा धरून निरखत राहिली. किती दिवसांनी तिने मला असं जवळ घेतलं होतं! मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत हळूच म्हणाली,

“डोळे अजून हिचेच आहेत गं...”

मी मागे वळून पाहिलं नाही. तशीच अनवाणी बाहेर पडले.

आता मावशीकडे राहते. आईजवळ एक बाई ठेवली आहे. मावशी मायाळू आहे, खोदून काही विचारत नाही. काल माझे केस विंचरता विंचरता तिचा हात थांबला.

“काय झालं, मावशी?”

“काही नाही... मानेवरचा हा तीळ...” तिचा आवाज एकदम खाली गेला. “तुला नव्हता ना गं हा?”

मी आरसा मागितला. तिने तो दिला नाही.