मुलाखतीचा उत्तरार्ध

मुलाखतकार मेला, तेव्हा त्यानं मरावं अशी लेखी इच्छा पाच-सहाशे माणसांनी आधीच व्यक्त केलेली होती. बऱ्याच जणांनी पद्धतही सुचवली होती. पोलिसांची त्यामुळे सोय झाली. संशयित शोधायला बाहेर पडायला नको, खुर्चीत बसून वाचत गेलं की झालं.

वाचता वाचता ते ताईंच्या भावापर्यंत पोचले.

फोन सकाळी आला. ताई पोलीस खात्यातून निवृत्त होऊन वर्ष होत आलं होतं. त्यांच्या खुर्चीत आता जो साहेब बसायचा, त्याला तपास त्यांनीच शिकवला होता. किती शिकला, हा वेगळा विषय.

"मॅडम, तुमच्या धाकट्याला आणलंय."

"काय केलं? गाडी ठोकली?"

"खून."

ताईंनी गॅस बंद केला.

"उद्या कोर्टात उभं करतोय," साहेब म्हणाला. "तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. शेवटी तुम्ही आपल्या."

भाऊ दातांचा डॉक्टर होता. डोक्यावरचे केस गेलेले, दोन मुलांचा बाप, नाकासमोर चालणारा. फक्त कॉलेजात असताना त्याला एका रॉक बँडचं वेड लागलं होतं, ते सुटायचं राहून गेलं होतं. कोठडीत तो भिंतीला टेकून बसला होता.

"अरे, माणसांचे दात काढतोस तू. आणि लिहितोस काय? 'याच्या डोक्यात माइकचा स्टँड घाला'?"

"ताई, संदर्भ बघ ना."

"बघितला. त्याच्या डोक्यात माइकचा स्टँडच घातलाय."

भावानं टक्कल चोळलं.

प्रकरण असं होतं. बँडचे दोन नवे अल्बम येणार होते. एका मासिकाच्या मुलाखतकारानं गायकाची लांबलचक मुलाखत घेतली. पूर्वार्ध छापून आला, त्यात पहिल्या अल्बमची हकिगत होती. मुलाखतकारानं विचारलं होतं, "गिटारचा कंटाळा नाही आला?" गायक म्हणाला, "आलाय खरा. या वेळी गिटार नाही." झालं. चाहत्यांच्या मते, हा प्रश्न विचारला नसता तर गायकाला कंटाळा आला नसता. प्रतिक्रियांचा पाऊस पडला. लिहिणाऱ्यांपैकी थोड्यांनी मुलाखत वाचली होती, बहुतेकांनी शीर्षक वाचलं होतं, आणि उरलेल्यांनी शीर्षक वाचलेल्यांची मतं.

उत्तरार्ध दुसऱ्या अल्बमबद्दल होता. तो छापायच्या आधी मासिकाचा शिपाई मजकूर आणायला गेला आणि त्याला मुलाखतकार टेबलाशेजारी पालथा पडलेला दिसला. बाजूला ओतीव लोखंडाच्या गोल बैठकीचा स्टँड. मुलाखत ज्यात होती तो रेकॉर्डर गायब.

"तू गेलास कशाला त्याच्याकडे?"

"जाब विचारायला. सात वर्षं वाट बघितली अल्बमची..."

"मी तर सहा वाचलं."

"सात, ताई. मधला अल्बम धरायचा नसतो. त्यात जुनीच गाणी होती."

कोठडीतसुद्धा. ताईंनी कपाळाला हात लावला. "स्टँडवर तुझे ठसे कसे?"

"पहिल्या दौऱ्यातला स्टँड होता तो! दोन्ही हातांनी धरला. एक ओळ म्हटलीसुद्धा."

"गायलास?"

"हळू. भांडण नंतर झालं. म्हटलं, रेकॉर्डर समोरच आहे, उत्तरार्ध ऐकव. तो म्हणाला, छापून आल्यावर वाच. मी चिडलो, दार आपटलं, निघालो. शेजारणीनं तेवढंच पाहिलं." त्यानं तोंड वर केलं. "ताई, माझा दवाखाना बंद पडेल. पोरांना शाळेत काय काय ऐकावं लागेल. तुला तरी पटतंय ना?"

"पटतंय. हळू गाणारा माणूस खून करत नाही."

"आमच्या चाहता मंडळात विचार. अध्यक्ष सांगतील मी कसा आहे ते. आणि तिथला टॉवेल बघून ये. गायकानं घाम पुसून गर्दीत फेकलेला. काचेत लावलाय. तो बघितलास की आम्ही काय आहोत ते कळेल तुला."

बाहेर साहेबानं ठशांचा अहवाल दाखवला. "स्टँडवर दोघांचेच ठसे. मुलाखतकाराचे आणि डॉक्टरांचे. दांड्यावर दोन जागी पुसट झालेत. पुसायला गेले असणार."

"पुसणारा सगळं पुसतो. दोन जागाच का पुसेल?"

"घाई, मॅडम."

साहेबाकडे कशालाही उत्तर असायचं. त्यावरच तो इथवर आला होता.

चाहता मंडळाचे अध्यक्ष विम्याचा धंदा करायचे. गाडी उन्हात उभी करून त्यांनी गॅरेजमध्ये बँडचं संग्रहालय थाटलं होतं. जुन्या तबकड्या, तिकिटं, तुटक्या तारा, ड्रमची फुटकी कातडी. ताईंना बघून त्यांचे डोळे भरून आले.

"ताई, काळजी करू नका. डॉक्टरांच्या सुटकेसाठी सह्या गोळा करतोय. वकिलाचंही बघतो."

"सह्या कसल्या गोळा करताय?" कोपऱ्यातून आवाज आला. गणिताच्या शिकवण्या घेणाऱ्या बाई पेपर तपासत बसल्या होत्या. सगळं मंडळ त्यांना गणितबाई म्हणायचं. "डॉक्टर न वाचता लिहितात. न वाचता लिहिणारा काहीही करू शकतो."

"अहो, बहीण आहे त्यांची!"

"म्हणूनच तोंडावर सांगतेय."

ताईंनी एका तबकडीकडे हात नेला. अध्यक्षांनी हळूच तो अडवला आणि पांढरे सुती हातमोजे पुढे केले. "रागावू नका. घाम लागतो. मी स्वतःसुद्धा याशिवाय हात लावत नाही कशाला. खिशातच असतात."

ताईंनी हातमोजे घातले. समोरच्या भिंतीवर मधोमध एक खिळा होता आणि त्याखाली भिंतीचा चौकोन बाकीच्यापेक्षा उजळ दिसत होता.

"इथं टॉवेल होता ना? भाऊ म्हणाला."

"काच तडकली. बदलायला दिलीय."

"मुलाखतकाराकडे गेला होतात कधी तुम्ही दोघं?"

"नाही," अध्यक्ष म्हणाले.

"माझा क्लास असतो," गणितबाई म्हणाल्या. "भांडायचं तर मी लिहून भांडते."

"मंडळाच्या पानावर मंडळाच्या नावानं कोण लिहितं?"

"आम्ही दोघं आणि डॉक्टर. चुका सुधारायच्या असल्या तरच. रोज असतातच," गणितबाई म्हणाल्या.

मासिकाच्या संपादकाच्या खोलीतून ताईंनी गायकाला फोन लावला. संपादक वारलेल्या सहकाऱ्यासाठी हळहळत होता आणि उत्तरार्धासाठी त्याहून जास्त.

"दुसऱ्या अल्बमची गाणी तुम्ही मुलाखतकाराला ऐकवलीत?"

"हो. रेकॉर्डर चालूच होता." गायकाचा आवाज मंचावरच्यापेक्षा बराच म्हातारा होता.

"आणखी कुणी ऐकलीत?"

"आम्ही बँडवाले आणि आमचा रेकॉर्डिंगवाला. आम्ही सगळे इथं परगावी एकाच छपराखाली."

"शेवटचं गाणं कसं आहे?"

"मी एकटा. एकही वाद्य नाही. गाणं संपतं, मी खुर्ची मागे सरकवून उठतो. तो आवाज तसाच ठेवलाय."

"चाहत्यांबद्दल काही बोललात?"

"बोललो. वाईट बोललो." मग काय बोललो तेही त्यानं सांगितलं. ताईंनी ऐकून घेतलं आणि त्याच्याकडे एका खोटेपणाची परवानगी मागितली.

दुपारी मासिकाच्या वेबसाइटवर उत्तरार्धाचा 'खास अंश' झळकला. त्यात ताईंनी रचलेलं एक वाक्य होतं: 'शेवटच्या गाण्यात चाळीस गायकांचा कोरस आहे.'

ताईंचा हिशेब साधा होता. या लोकांना शिवी सहन होते, चूक सहन होत नाही. टेप ऐकलेल्याला ही चूक बघवणार नाही. सापळा लावून त्या मंडळाच्या पानासमोर बसल्या.

सापळ्यात एक उंदीर यायचा, तर अख्खं गोदाम आलं. कोरस चाळीसांचा नाही, बाराचा आहे. कोरस नाहीच, व्हायोलिन आहे. 'आतल्या गोटातून' कळलं की गाणंच नाही. एकानं ठामपणे लिहिलं की गायक दोन वर्षांपूर्वीच वारला. ताईंच्या आयुष्यात एवढे साक्षीदार एका जागी कधी आले नव्हते, आणि इतके खोटेही.

मग शिव्या सुरू झाल्या. गायक विकला गेला. गायक भाडोत्री गळे आणतो. त्याला लाज कशी वाटत नाही.

तेवढ्यात खुद्द मंडळाच्या नावानं एक ओळ उमटली. 'कोरस नाही. तो एकटा गातो, आणि शेवटी खुर्ची सरकवून उठतो. त्याला नावं ठेवू नका.'

ताईंनी पडद्याचा फोटो काढला आणि पुढच्याच क्षणी ओळ पुसली गेली. पण फोटो आला होता.

"गणितबाई!" फोटो बघून साहेब म्हणाला. "चुका सुधारायचा रोगच आहे त्यांना. डॉक्टर तर आत आहेत."

"चल गॅरेजमध्ये. झडतीचा कागद घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं संग्रहालयात बसली. गणितबाई ताठ, अध्यक्ष हातमोज्यांची घडी घालत.

"माझा भाऊ निघाला तेव्हा रेकॉर्डर टेबलावर होता," ताईंनी सुरुवात केली. "मुलाखतकारानं त्याला टेप ऐकवली नाही. त्याच्यानंतर आणखी कुणी आलं आणि त्या माणसाला ती ऐकवली गेली. नाहीतर खुर्चीचं कळणार कुठून? खुर्ची अंदाजानं सांगता येत नाही. व्हायोलिन येतं."

"मी लिहिलं नाही ते," गणितबाई म्हणाल्या.

"माहीत आहे. तुम्ही लिहिलं असतं तर तिथंच थांबला असतात. चूक सुधारली, काम संपलं. 'नावं ठेवू नका' ही विनवणी आहे. तुम्ही कुणाची विनवणी करत नाही."

गणितबाईंना हे आवडलं की लागलं, कळलं नाही.

"आता ठसे. पुसले असते तर सगळेच गेले असते. दोनच जागी पुसट झाले, कारण दोनच जागी कापड घासलं. मारणाऱ्याच्या हातात कापड होतं. आता रागाच्या भरात हातमोजे कोण शोधत बसेल? कुणी नाही. ते आधीच हातात होते. त्यानं स्टँड बघायला मागितला आणि सवयीनं खिशातून हातमोजे काढले. घाम लागू नये म्हणून."

साहेबानं अध्यक्षांच्या मांडीवरच्या पांढऱ्या घडीकडे बघितलं. अध्यक्षांनी ती झाकली नाही.

"मग टेप सुरू झाली. गायक काय म्हणाला ते त्यानंच मला सांगितलं. 'एका माणसानं माझा घाम काचेत लावलाय. मला फोटो पाठवला होता. मला मळमळलं. असली माणसं समोर बसतात, म्हणून वीस वर्षांत मला नवं काही सुचलं नाही.'" ताई रिकाम्या खिळ्याकडे वळल्या. "काच तडकली नव्हती, अध्यक्ष. तो टॉवेल तुम्हाला भिंतीवर बघवेना."

अध्यक्षांनी हातमोज्यांची घडी मोडून पुन्हा घातली.

"मुलाखतकार हसत होता. टेप थांबवली, मागे नेली, पुन्हा लावली. म्हणाला, 'हे तुम्हीच की हो! फोटोसकट छापतो.' मी हात जोडले, ताई. हातमोज्यांसकट जोडले. तो आणखीच हसला."

"आणि माझ्या भावाला आत टाकून सह्या गोळा करत होतात."

"डॉक्टर सुटले असते. मला वाटलं, सुटतील."

"पुरावा?" साहेब कुजबुजला. "बोलणं फिरवतील कोर्टात."

"रेकॉर्डर इथंच आहे."

"एवढे दिवस ठेवतील होय? नदीत टाकला असेल."

"अरे, तुटक्या तारा जपणारा माणूस आहे हा. अजून बाहेर न आलेली गाणी नदीत टाकेल? त्यात त्याच्या तोंडावर थुंकलेलं असलं तरी नाही टाकणार."

अध्यक्ष उठले. त्यांनी हातमोजे घातले, खालचा कप्पा उघडला आणि कापसात ठेवलेला रेकॉर्डर दोन्ही हातांनी साहेबाकडे दिला. टॉवेल त्याच्याच खाली घडी करून ठेवलेला होता.

"ती ओळ का लिहिलीत?" ताईंनी विचारलं. "गप्प राहिला असतात तर सुटला असतात."

"लोक त्याला न केलेल्या गोष्टीसाठी शिव्या देत होते," अध्यक्ष म्हणाले. "मला नाही बघवलं."

भाऊ दुपारी सुटला. गाडीत बसला तेव्हा दाढी वाढलेली, बोटांना ठशांची शाई. अध्यक्षांचं कळल्यावर तो दोन चौक ती शाई खरवडत राहिला. बायकोनं जेवायला थांबलेय म्हणून निरोप दिला होता, तो ताईंनी सांगितला. त्यानं मान हलवली.

"रेकॉर्डर सापडला म्हणे."

"हो."

"तू ऐकलास?"

"ऐकावा लागला. खात्री करायला."

"शेवटचं गाणं कसंय?"

ताईंनी त्याच्याकडे बघितलं. त्या संध्याकाळी यानंही टेप ऐकव म्हणून हट्ट धरला होता. मुलाखतकाराचा मूड नव्हता, म्हणून राहिलं. स्टँड याच्याही हाताशी होता. खून न करणारी माणसं आपल्याला चेहऱ्यावरून कळतात, असं ताईंनी सबंध नोकरीत मानलं होतं.

"बरंय," त्या म्हणाल्या.

"आणि आमच्याबद्दल बोलला काही? चाहत्यांबद्दल?"

"नाही. गाण्यांबद्दलच बोलला."

भावाचा चेहरा निवळला. त्यानं सीट मागे केली, डोळे मिटले. ताईंना वाटलं, झोपला. खटला उभा राहायला अजून वर्ष-दोन वर्षं तरी जातील, तोवर याला सांगायला काहीतरी सुचेल.

"ताई," डोळे न उघडताच तो म्हणाला, "ती टेप कोर्टात लावतील ना? मला पुढे जागा मिळेल?"