भिंतीपलीकडचा

दादाची हत्यारांची पिशवी वहिनीला नेऊन द्यायची, एवढंच काम होतं. आठ महिने ती माझ्या पलंगाखाली पडून होती. दादा गवंडी, मी वायरमन. दोघं एकाच इमारतीवर कामाला होतो आणि तीच आमच्या अंगावर कोसळली. मी तळघरात दोन दिवस गाडला गेलो, पण वाचलो. दादा गेला.

दुपारची वेळ. वहिनी शाळेचे गणवेश शिवत बसली होती. पाच वर्षांची पुतणी, आमची चिमणी, आतल्या खोलीत खेळत होती. वहिनीनं पिशवी उघडलीसुद्धा नाही. मशीन थांबवून म्हणाली, "भाऊजी, एक विचारू? तिथे खाली... ते काय बोलले तुमच्याशी?"

भिंतीपलीकडून दादा बोलत राहिला म्हणून मी तगलो, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. दादा तिसऱ्या मजल्यावर जागच्या जागी गेला, असं डॉक्टर म्हणाले होते. मी त्यांनाच वेड्यात काढलं होतं. सख्ख्या भावाचा आवाज मी ओळखणार नाही?

"झोपू नकोस म्हणायचा," मी सांगितलं. "माझा डोळा लागला की विचारायचा, घरी कोण कोण आहे सांग. घर कितव्या मजल्यावर, दार कुठल्या बाजूला, कोण कुठे झोपतं... मी सांगत राहायचो."

बोलता बोलता माझीच जीभ अडखळली. हे आजवर मी मोठ्यानं उच्चारलंच नव्हतं.

वहिनी हळूच म्हणाली, "त्यांना स्वतःचं घर माहीत नव्हतं?"

"मला जागं ठेवायला विचारत असेल." मी ओढूनताणून म्हणालो. "एकच सांगता आलं नाही. एकांतात तुम्हाला तो काय नावानं हाक मारायचा, ते. मला कुठून ठाऊक असणार?"

वहिनी ऐकत नव्हती. तिचे डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे लागले होते. आत चिमणी कोणाशी तरी बोलत होती.

"काका आलाय... हो, एकटाच."

आम्ही धावलो. चिमणी भिंतीला गाल टेकून बसली होती. त्या भिंतीपलीकडे शेजार नाही, चार मजल्यांची पोकळी आहे. खोलीत ओल्या सिमेंटचा वास कोंदला होता. दोन दिवस नाकातोंडात भरलेला तो वास मी कसा विसरेन?

"कोणाशी बोलतेस गं?" वहिनीनं विचारलं.

"बाबांशी. रोज विचारतात, आईला काय म्हणून हाक मारू? मला नाही येत. तू सांग ना..."

वहिनीनं तिला उचलून माझ्या कडेवर दिलं. "हिला तुमच्याकडे न्या. मी कपडे भरते, संध्याकाळपर्यंत येतेच." तिचा आवाज इतका स्थिर होता, की मी विश्वास ठेवला. तिथेच चुकलो.

ती आली नाही. फोनही उचलेना. चिमणीला एकटं सोडून मला हलता येईना. सकाळी तिला शेजारणीकडे ठेवून मी गेलो. दार उघडंच होतं. वहिनी त्याच भिंतीला पाठ टेकून बसली होती. केस नीट विंचरलेले. आठ महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तजेला होता.

"मी येत नाही, भाऊजी."

"वहिनी... तो दादा नाही."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "नाव मीच सांगितलं त्याला. पण हाक... हाक अगदी त्यांच्यासारखी मारतो हो."

मी चिमणीचं नाव घेतलं. तिची शाळा खोळंबलीय, आईशिवाय वेणी घालून घेत नाही, म्हणालो.  शेवटी वहिनी रडत उठली.

आज सात वर्षं ती माझ्याकडे आहे. शिवणकाम करते, चिमणीचा अभ्यास घेते, हसतेही. त्या रात्रीचा विषय आम्ही काढत नाही. पण त्या सकाळी जिना उतरताना ती माझ्या पुढे होती, म्हणून मला दिसलं. तिच्या खांद्यावर मागून सिमेंटची पाच बोटं उमटली होती.

अजून वाळली नव्हती.